तुझ्यातला माझा वाटा

करुणा, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला बोरीला आले ती रडायचं ठरवूनच आले होते. दारव्ह्याच्या एसटीत खिडकीशी बसून रुमालसुद्धा हातात काढून ठेवला होता. पण तुमच्या अंगणातला मांडव दिसला, त्यात बसलेली एवढी माणसं दिसली, आणि डोळे कोरडेच राहिले. ही सगळी तुझी कोण? कापसाच्या जिनिंगमधले वजनकाट्यावरचे दोघे पांढरे शर्ट घालून आले होते. तुझ्या शाळेतल्या बाई होत्या. समोरच्या किराणा दुकानातली बाई पदरानं डोळे पुसत सांगत होती की तिच्या मोबाइलमधलं बिघडलेलं सगळं करुणाच नीट करून द्यायची. आणि तुझ्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून शीतल रडत होती. 'माय, माय' म्हणत.

मी तुझ्या आईला कॉलेजपासून काकू म्हणत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "ये अर्चना, बस. चहा घेतला का?" असं विचारलं, आणि पुन्हा शीतलच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. चहाचं पाहुण्यांना विचारतात.

वंदना सुरू व्हायच्या आधी शेजारी बसलेल्या बाईनं मला विचारलं, "तुमी करुणाच्या कोन?"

मी सांगितलं की आम्ही दोघींनी मिळून जिनिंगसाठी सॉफ्टवेअर बनवलं. कापसाची गाडी आली की तिचं वजन, कापसातला ओलावा, प्रत, भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडते ती हिशेबाची पट्टी, हे सगळं त्यात होतं. ऑफिस वगैरे काही नाही. मी यवतमाळात माझ्या घरून काम करते, करुणा इथून करायची, फोनवर सगळं चालायचं.

"म्हंजे शीतलसारख्याच," ती बाई म्हणाली.

 करुणा, पूर्ण वंदनेत माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. शीतलसारख्याच!

तुला आठवत असेल, कॉलेजच्या लॅबमध्ये दोघींत एक कॉम्प्युटर असायचा आणि जोड्या हजेरीप्रमाणे लागायच्या. तुझी जोडी दुसरीशी होती. तू तिला सोडून माझ्याशेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "तुही बोटं लय जोरात चालतात. मी सांगतो, तू मार." मी आधी तुझ्याकडे बघतच राहिले. आमच्या घरी बाबा कचेरीत, आजोबा कचेरीत. आमच्याकडे मुली 'मी सांगते' म्हणायच्या. तू पहिल्यांदा घरी आलीस आणि 'मी जातो काकू' म्हणालीस, तेव्हा आई हसून म्हणाली, "अगं, मुलासारखं काय बोलतेस?" तू जराही न लाजता सांगितलंस, "आमच्याकडे बाया असंच बोलतात काकू." आणि पुढेही तसंच बोलत राहिलीस. पुण्याच्या एका साहेबासमोरही. माझी हिंमत झाली नसती. त्या दिवशी पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटला असेल.

पहिली जिनिंग बाबांच्या ओळखीतून मिळाली. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून काय काय हवं ते लिहून घेतलं. तू मात्र दिवसभर काट्याजवळ सरकीच्या पोत्यावर बसून राहिलीस. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन आलीस आणि माझ्या खोलीत फरशीवर बसून मला एक एक गाडी सांगितलीस. केबिनमध्ये मला जे सांगितलं गेलं होतं आणि काट्यावर जे घडत होतं, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. मी निम्मं खोडलं. तेव्हाही हेवा वाटला, पण तो बोचला नाही. तुला सकाळी जे कळायचं ते संध्याकाळपर्यंत माझंही झालेलं असायचं, आणि फक्त माझंच.

मग तुझ्या भावाला नागपूरला नोकरी लागली, काकू एकट्या पडल्या आणि तू बोरीला परत गेलीस. मला वाटलं, संपलं. पण तू म्हणालीस, "फोन हाये नं." नेट तर तुमच्याकडे असून नसल्यासारखं. कधी कधी दिवसभर फाइल जायची नाही, तेव्हा तू गच्चीवर उभी राहून मला कोड फोनवर वाचून दाखवायचीस आणि मी इकडे टाइप करायचे. "कंस उघड. खाली ये. दोन घरं आत घे. आता कंस बंद." शेजारच्या आजीनं एकदा तुला विचारलं, की बाई, त्या कंसाले तू सारखी कोंडून काहून ठेवतं? आपण दोघी इतक्या हसलो की मी टाइप केलेलं पुसलं गेलं आणि तू पुन्हा पहिल्यापासून वाचलंस.

दुपारी जेवणानंतरची ती फोनची वेळ आपली होती. त्या वेळी मी कुणाचा फोन घ्यायचे नाही. घरात आईसुद्धा हाक मारायची नाही.

त्या वेळेत शीतल आली.

ती महागावच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसायची, पट्ट्या काढायची. एक दिवस तिनं चूक कळवायला फोन केला आणि तो तू घेतलास. मी घेतला असता तर चूक सुधारून विसरून गेले असते. तू संध्याकाळी मला म्हणालीस, "अर्चना, लोक सांगतात, बंद पडलं. हिनं सांगतलं, कोनत्या गाडीपासून बिघडलं, आन् त्या गाडीत येगळं काय होतं. हे पोरगी नुसत्या पट्ट्या काढून नाही राह्यली, पाहून राह्यली. मी शिकवतो तिले."

"कायले?" मी तुझ्याच भाषेत विचारलं.

"कायले म्हंजे? येत नाही म्हनून."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तुझा नंबर व्यस्त लागू लागला. मी पुन्हा लावायचे. पुन्हा व्यस्त. ती यंत्रातली बाई मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत मला तेच सांगायची आणि मी तिन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकायचे. मग संध्याकाळी तू फोन करायचीस, दमलेल्या आणि खूश आवाजात. "आज कट शिकवला तिले."

कट! तो तर आपला होता. ओल्या कापसाचं पाण्याचं वजन कापायचं आणि अळीनं खाल्लेल्या, डागाळलेल्या कापसाचं, म्हणजे कवडीचं, वेगळं कापायचं. जिनिंगवाले दोन्ही कट पूर्ण वजनावर लावायचे. तुला काट्याजवळ बसून दिसलं की त्यात माणसाचं नुकसान होतं, कारण जे पाणी आधीच कापलंय त्यावर पुन्हा कवडी कापली जाते. "पान्याची कवडी कापाची नाही," तू म्हणाली होतीस. आधी पाणी, मग उरलेल्यावर कवडी. हे त्या मॅनेजरला पटवायला आपण दोघींनी किती खेपा घातल्या! त्याला ते पटलं त्या दिवशी आपण एसटी स्टँडवर उभं राहून उसाचा रस प्यालो होतो. आणि ते सगळं तू त्या पोरीला फोनवर देऊन टाकलंस. एका दुपारी.

मग ती वर्षं आली. बोंडअळी आली आणि कापूस यायचा तोच निम्मा कवडीचा. भाव सकाळी एक, दुपारी एक. आपण ज्यांचं काम करायचो त्यातल्या काही जिनिंगमधल्या यंत्रांचे पट्टे फिरायचेच थांबले. मी तुला म्हणाले, आता काम दोघींपुरतंच उरलंय, तिसरीला कशाला ओढतेस? तू म्हणालीस, "काम कमी हाये तवाच शिकवता येते बाई. जास्त असलं की कोन शिकवते?" तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी भल्याचं असायचं. याचा मला किती त्रास व्हायचा, हे तुला कधीच सांगितलं नाही.

तू नागपूरहून भावाकडून परत येत होतीस तो दिवस आठव. एसटीत तुला रेंज नव्हती. महागावच्या जिनिंगनं कवडी मोजायची पद्धत त्याच सकाळी बदलली आणि पट्ट्यांवर वजन भलतंच कमी येऊ लागलं. काट्याच्या खिडकीशी लोक जमले, आरडाओरडा सुरू झाला. मॅनेजरचा फोन मला आला. मी तुझी फाइल उघडली. त्यात काय चाललंय ते मला कळत होतं, पण हात लावायची हिंमत होईना. मी म्हणाले, करुणा येऊ दे.

तेवढ्यात शीतलचा फोन. "ताई, मले सापडलं. मी बदललं हाये. पन दुसरीले समजावून सांगतल्याबिगर सॉफ्टवेअरात चढवाचं नाही, असं करुणाताईनं बजावलं हाये. तुमी आयकता का?"

मी ऐकलं. बरोबर होतं. तरी म्हणाले, "करुणा येईपर्यंत थांबू या."

"ताई," ती म्हणाली, "गाड्या उभ्या हायेत."

मी म्हणाले, चढव. पट्ट्या नीट यायला लागल्या. संध्याकाळी तू बोरीला उतरल्या उतरल्या फोन केलास. तुझा आवाज इतका आनंदलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आपल्या पहिल्या जिनिंगच्या वेळीही नाही. "पाह्यलं अर्चना? मी नव्हतो, तरी झालं!"

आपल्यावाचून चाललं याचा माणसाला एवढा आनंद कसा होऊ शकतो? मला आजही कळत नाही. माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही की मला दिवसभर जेवण गोड लागत नाही.

त्यानंतर तू माझ्या मागे लागलीस. हिशेबाचा भाग माझा होता. कुणाचा किती कापूस, कुणाची किती पट्टी, रोजचा ताळमेळ. "तुहं आता आमाले दाखव." मी म्हणायचे, दाखवते. हंगाम होऊ दे. पाहुणे आहेत. तू वाट पाहिलीस आणि मग एक दिवस सरळ यवतमाळला येऊन माझ्या खोलीत, त्याच फरशीवर, बसलीस.

"शिकव."

"तुला शिकवते," मी म्हणाले. "तिला नाही."

"काहून?"

"मग माझी काय गरज उरली, करुणा? काट्याचं तुम्हा दोघींना येतं. हिशेबाचंही आलं की मी कशाला हवी?"

 तू म्हणालीस, "गरज हाये म्हनूनच राह्यचं का आपन एकमेकीजवळ?"

मी म्हणाले, "हो."

तुला ते खोटं वाटलं असावं, कारण तू हसलीस. मी खरंच बोलत होते. आईनं पोहे आणले, तू खाल्लेस, तिच्याशी मिरच्यांच्या वाळवणाबद्दल बोललीस आणि दारव्ह्याची एसटी गाठायला निघालीस. फाटकाशी म्हणालीस, "आपलं बोलनं राह्यलं हं." पुढे आपण रोज बोललो, पण ते नाही.

मग तुझा ताप. तुला यवतमाळला आणलं होतं, करुणा. माझ्या गावात! माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा दवाखान्यात तू होतीस आणि महागावहून शीतल येऊन तुझ्या उशाशी बसली होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी धावत आले तेव्हा तू डोळे उघडून पाहिलंस, पण बोलली नाहीस. बाहेर बाकावर शीतलनं मला सांगितलं, "करुणाताईच म्हने, अर्चनाले नको सांगू, हंगाम तोंडावर हाये, तिच्यावरच सारं हाये." असं म्हणाली होतीस तू. मला सांभाळायला म्हणालीस हे समजतं मला. पण माझी तिथली जागा तू तिला दिलीस आणि माझ्यासाठी काम ठेवलंस. माझी गरज ठेवलीस. मी 'हो' म्हणाले होते म्हणून का?

हे विचारायला तू उरली नाहीस.

तू गेल्यावर हंगाम सुरू झाला आणि महागावच्या मॅनेजरचा निरोप आला. करुणाताईचं काम आता कोण बघणार, ते समोर बसून सांगा. आर्णीवरून एसटीनं गेले. जाताना मनात काय होतं ते तुलाच सांगते. शीतलला जमू नये असं वाटत होतं. सॉफ्टवेअर एक दिवस तरी बंद पडावं, काट्यावर गाड्या खोळंबाव्यात, सगळ्यांना कळावं की करुणा नाही. तू गेलीस आणि पट्ट्या जशाच्या तशा निघत राहिल्या, हे मला सहन होत नव्हतं.

मॅनेजरच्या समोर मी शीतलला मुद्दाम आडवं विचारलं. "दोन्ही कट पूर्ण वजनावरच लावले तर काय बिघडेल? पाणी आधी का काढायचं?"

ती गडबडली नाही. तिनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास आणि चिवड्याची बशी पुढे ओढली आणि मॅनेजरला सांगायला लागली. चिवड्यात मुद्दाम थोडं पाणी घातलं, ते निथळून टाकलं, मग उरलेल्यातले खराब दाणे वेगळे काढले. कुठलं वजन कधी गेलं ते त्याच्याच तोंडून काढून घेतलं. मग म्हणाली, "आता तुमीच मले सांगा, मी काय सांगतलं."

हे सगळं तुझं होतं. समोरच्याच्या ताटातली वस्तू उचलून शिकवणं, आणि शेवटी त्याच्याकडूनच वदवून घेणं. आवाज तिचा, पण बोलताना थांबायची जागासुद्धा तुझी. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. तुझी एवढी नक्कल करायचा हक्क हिला कुणी दिला? आणि मग मला कळलं की मला स्वतःला तसं शिकवता येत नाही. इतकी वर्षं मी तुझ्याकडून नुसतं घेत राहिले होते.

मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, तुम्ही दोघी पाहा," आणि ओला चिवडा बाजूला सारून फोनवर बोलायला निघून गेला.

आम्ही दोघीच उरलो. शीतल टेबल पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, एक सांगू? मले तुमचा लय राग येत होता."

"माझा? कशाचा?"

"करुणाताई शिकवता शिकवता सारखी तुमचंच सांगे. अर्चनाचं लिहनं पाह्य, कसं सुटसुटीत हाये. अर्चनाले इचार. अर्चना असती तं एका ओळीत केलं असतं. मी म्हनो, इतकं करून राह्यलो मी, तरी हे बाई त्या यवतमाळवालीचंच नाव घेते. मी काही तुमच्यासारखी तिच्यासंगं कॉलेजात नव्हतो."

करुणा, तू गेल्याला महिनाही झाला नव्हता, आणि मला आनंद झाला. छातीत गार वाटलं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर तिला माझं हसू दिसलं असतं. बाहेर काट्यावर गाडी चढत होती. मला वाटलं, ही पुन्हा एकदा सांगेल का, सगळं, तू काय काय म्हणालीस ते. विचारलं नाही. पण पिशवीतून लॅपटॉप काढला.

"ये इकडे," मी म्हणाले. "हिशेबाचं दाखवते."

ती खुर्ची ओढून आली. मी सुरुवातीपासून सुरू केलं. मला तुझ्यासारखं सांगता येत नव्हतं. मी भराभर बोलत होते आणि ती मध्येच थांबवून विचारत होती, हे काहून, ते काहून. एका ठिकाणी तिनं विचारलेलं मलाच सांगता येईना. मी ते कधी, का लिहिलं होतं ते विसरले होते. दोघींनी मिळून शोधलं तेव्हा लक्षात आलं की त्या ओळींची आता गरजच उरली नव्हती. काढून टाकल्या. संध्याकाळ होईपर्यंत माझा निम्मा भाग तिच्याकडे गेला. पुढल्या आठवड्यात उरलेला फोनवर दिला. दुपारी, जेवणानंतर. तू जिंकलीस म्हण, हवं तर. आता हिशेब अडला तर महागाववाले थेट तिलाच फोन करतात, आणि ती नंतर मला समजावून सांगते. मला अजून ते आवडत नाही.

त्या पहिल्या दिवशी, हिशेब दाखवून झाल्यावर, ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली होती. एसटी लागायची होती. पायानं माती उकरत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कॉलेजात कशी होती करुणाताई? हसे का इतकीच? तवाचं सांगा नं काही."

मला खूप सांगता आलं असतं. लॅबमध्ये तू पहिल्यांदा शेजारी येऊन बसलीस ते. उसाचा रस. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण दोघी माझ्या सायकलवरून पडलो आणि तू रस्त्यात बसून मलाच धीर दिलास ते. ती आशेनं बघत होती. तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस, पहिल्यापासून, सगळं, तिला पुरेल एवढं आणि वर थोडं.

मी म्हणाले, "नाही गं शीतल. ते नाही."

तिला वाईट वाटलं असेल. पण तिनं मान हलवली. "बरं ताई. तुमच्यापाशीच ठेवा," म्हणाली.

एसटी आली. मी खिडकीशी बसले आणि गाडी आर्णीच्या रस्त्याला लागल्यावर मला रडू आलं, करुणा. पार यवतमाळपर्यंत. शेजारची बाई विचारत होती, काय झालं. मी तिलाही सांगितलं नाही.